प्रकल्प नोंदी: टीबी पेशंटच्या रक्तातल्या वेगळ्या टी सेल्स, परळ, जून ते नोव्हेंबर २०२५

९ जून २०२५, सोमवार

आजपासून नोंदी इथे टाकतेय. वही चालूच राहील, पण लॅबमधल्या सगळ्यांना एका जागी दिसायला हवं, आणि पुढच्या वर्षी कोणी नवीन जॉइन झालं तर त्यालाही.

प्रश्न साधा आहे. फुफ्फुसाचा टीबी नुकताच निघालाय आणि औषधं अजून सुरू झाली नाहीत अशा पेशंटच्या रक्तात तीन जातीच्या टी सेल्स (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) किती आणि कशा अवस्थेत आहेत: मेट सेल्स, गॅमा-डेल्टा आणि आयएनकेटी. नेहमीच्या टी सेल्स एचएलएवर (सेलच्या पृष्ठभागावर तुकडे धरून दाखवणारे रेणू) मांडलेले प्रोटीनचे तुकडे ओळखतात, आणि एचएलए माणसागणिक बदलतं. या तिघींचं तसं नाही. मेट सेल्स एमआर१ नावाच्या रेणूवर बसलेला बॅक्टेरियाच्या बी२ व्हिटॅमिन बनवण्याच्या वाटेवरचा एक पदार्थ ओळखतात, आणि एमआर१ जवळपास सगळ्या माणसांत सारखंच असतं. आपलं शरीर बी२ बनवत नाही, टीबीचा जंतू बनवतो, म्हणजे हा पदार्थ दिसला की घरात बाहेरचं कोणीतरी शिरलंय हे पक्कं. एमआर१ काय धरतं हे २०१२ मध्ये मेलबर्नच्या ग्रुपने दाखवलं, त्याआधी लोक अंदाजच करत होते. गॅमा-डेल्टातल्या व्हीडेल्टा२ सेल्स जंतूंच्या एका फॉस्फेटवाल्या छोट्या रेणूवर उठतात, त्याला एचएमबीपीपी म्हणतात. आणि आयएनकेटी सीडी१डीवरची चरबीसारखी द्रव्यं ओळखतात. त्यांना जागं करायला जे आल्फा-गॅलसेर वापरतात त्याचा शोध समुद्रातल्या स्पंजमधून लागला, हे मला अजूनही भारी वाटतं.

मला यात एवढा रस का, तर या सेल्स तयार बसलेल्या असतात. नेहमीच्या टी सेलला पहिल्यांदा जंतू भेटला की वाढून कामाला लागायला आठवडा जातो, या काही तासांत लागतात. आणि टीबी मुंबईत काही पुस्तकातला आजार नाही, आमच्या बिल्डिंगमध्येच दरवर्षी कोणी ना कोणी सहा महिन्यांच्या गोळ्या घेत असतं.

१२ जून, गुरुवार

आजची मीटिंग पूर्ण कंट्रोल्सवर, म्हणजे तुलनेसाठीच्या निरोगी माणसांवर, गेली आणि बरं झालं गेली.

सवय अशी की हेल्दी कंट्रोल म्हणजे लॅबमधली पोरं, बाही वर करायची आणि दहा एमएल द्यायचं. पण मेट सेल्स रक्तात सगळ्यात जास्त असतात त्या साधारण पंचविशीच्या आसपास, नंतर वयाबरोबर उतरत जातात. आमच्या ओपीडीत येणारा पेशंट पन्नाशीचा, त्यात डायबेटिस, आणि समोर तुलनेला चोवीस वर्षांची पीएचडीची मुलगी. टीबीचा काहीही संबंध नसताना फरक दिसणार आणि आम्ही तो टीबीच्या नावावर लिहिणार. टाइप २ डायबेटिस आणि लठ्ठपणातही मेट सेल्स रक्तात कमी सापडतात, म्हणून प्रत्येकाचं एचबीए१सी (गेल्या काही महिन्यांची सरासरी साखर) करायचं ठरलं, कंट्रोलचंसुद्धा.

दुसरं म्हणजे इथे "टीबीचा संसर्ग नाही" असा मोठा माणूस शोधणंच अवघड. आजार नाही पण जंतू आत झोपलेला आहे असे लोक आपल्याकडे ढिगाने आहेत. म्हणून इग्रा टेस्ट (टीबीच्या संसर्गाची खूण शोधणारी रक्ताची टेस्ट) सगळ्यांना, आणि कंट्रोलचे दोन गट, इग्रा पॉझिटिव्ह वेगळे आणि निगेटिव्ह वेगळे. मॅडम म्हणाल्या बजेट वाढेल. वाढेल, पण त्याशिवाय हा प्रोजेक्ट करण्यात अर्थ नाही असं मी स्पष्ट बोलले आणि त्यांनी मान्य केलं.

१७ जून, मंगळवार

पॅनल बसवणं चालू आहे, म्हणजे फ्लो सायटोमीटरवर (सेल्स एकेक करून मोजणारं आमचं मशीन) सेल्स ओळखायला लागणारा चमकत्या लेबलांचा संच. टेट्रामर (एमआर१ सारखे चार रेणू जोडून बनवलेलं लेबल, ते नेमक्या सेल्सच्या रिसेप्टरला चिकटतं) आले, अटलांटाच्या एनआयएच टेट्रामर कोअरकडून. कोल्ड पॅक वितळलेले होते पण पार्सल आतून गार होतं. टेट्रामर फ्रीझ करायचे नाहीत, चार डिग्रीला ठेवायचे, काळ्या डब्यात, लेबल मोठ्या अक्षरात लावलंय, प्लीज कोणी वीस डिग्री मायनसच्या फ्रीजरमध्ये टाकू नका.

एकच गोष्ट नीट लिहून ठेवते कारण प्रोटोकॉलच्या कागदावर ती एका ओळीत उरकलेली असते. एमआर१ टेट्रामर आणि व्हीआल्फा७.२ ची अँटिबॉडी दोन्ही मेट सेलच्या त्याच एका रिसेप्टरला (ज्याने ती जंतूचा पदार्थ ओळखते) धरतात. अँटिबॉडी आधी घातली तर ती जागा अडवते आणि टेट्रामरला बसायला मिळत नाही, मग खऱ्या मेट सेल्सही फिक्या दिसतात. म्हणून टेट्रामर आधी, रूम टेम्परेचरला, अंधारात, आणि बाकीचं कॉकटेल नंतर. सोबत निगेटिव्ह म्हणून ६-एफपी भरलेला टेट्रामर, हा फोलेटपासून आलेला पदार्थ एमआर१ मध्ये बसतो पण मेट सेल्सना सहसा उठवत नाही, त्यामुळे नुसता चिकटपणा किती आहे ते कळतं.

टायट्रेशन (किती घातलं की नीट चालतं ते बघणं) झालं सगळ्या अँटिबॉडीचं. कंपनी जेवढं घाला म्हणते त्याच्या निम्म्यात काही अँटिबॉडी उत्तम चालतात, पैसे वाचले आणि बॅकग्राउंडही उतरलं.

२४ जून, मंगळवार

पहिले पेशंट. छातीच्या ओपीडीत सकाळी साडेआठपासून रांग असते, आत जागा नाही म्हणून बाहेरच्या बाकावर बसून कन्सेंट घेतला. एक मावशी होत्या, डोंबिवलीहून पहाटेची लोकल पकडून आलेल्या, सोबत सून. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "बाळा, किती काढणार रक्त?" दोन चमचे म्हटलं. "आणि त्याचा मला काय उपयोग?" मी सांगितलं, मावशी, तुम्हाला थेट काही नाही, तुमचं औषध जे चालू व्हायचंय ते तसंच होणार, तुम्ही नाही म्हणालात तरी. त्यांनी सुनेकडे बघितलं आणि सही केली, इंग्रजी कागद बाजूला सारून मराठी कागदावर.

हे इथे मुद्दाम लिहितेय. पुढे स्क्रीनवर ठिपके बघताना प्रत्येक फाइलच्या मागे असं कोणीतरी आहे आणि त्याने उपाशीपोटी रांगेत उभं राहून दिलेलं आहे. नावं कुठेच नाहीत, फक्त कोड, पण रक्त वाया घालवायचं नाही हा लॅबचा पहिला नियम.

रक्त हिरव्या टोपणाच्या ट्यूबमध्ये, म्हणजे हेपॅरिन (रक्त गोठू न देणारं). जांभळ्या टोपणाची एक छोटी वेगळी, सीबीसीसाठी.

३ जुलै, गुरुवार

फायकॉलबद्दल (रक्तातल्या पेशी घनतेप्रमाणे वेगळ्या करायचं द्रव) ज्युनियरसाठी. रक्त तेवढ्याच सलाइन बफरमध्ये पातळ करायचं, फायकॉलवर कडेने अलगद सोडायचं, ट्यूब तिरपी. मग सेंट्रिफ्यूजमध्ये ४०० जी, ३० मिनिटं, ब्रेक बंद. ब्रेक चालू राहिला तर थांबताना थर हलतात. वरती पिवळसर प्लाझ्मा, मग पांढुरकी धूसर रिंग (आपल्या सेल्स यातच), तिच्याखाली स्वच्छ फायकॉल, तळाला लाल. ती रिंग पाश्चर पिपेटने गोल फिरवत उचलायची, लोभ करून खालचं फायकॉल जास्त ओढायचं नाही.

आणि रक्त बर्फात आणायचं नाही! रूम टेम्परेचर, म्हणजे मुंबईचं नव्हे, वीस-बावीस डिग्री. मामा ओपीडीतून आणतात तो डबा आता जेल पॅक मध्ये पुठ्ठा घालून बनवलाय, आत छोटा थर्मामीटर. रक्त गार झालं किंवा जास्त वेळ पडून राहिलं की ग्रॅन्युलोसाइट्सची (आम्हाला नको असलेल्या पांढऱ्या पेशी) घनता बदलते, त्या तळाला जायच्या सोडून रिंगमध्येच अडकतात आणि मग काउंट फुगतो. काढल्यापासून सहा तासांच्या आत फायकॉलवर, हा आमचा नियम. टीबीचे सॅम्पल म्हणून बकेटला झाकण, सगळं काम सेफ्टी कॅबिनेटमध्ये, आणि मशीनवर जायच्या आधी पॅराफॉर्मल्डिहाइडने फिक्स.

८ जुलै, मंगळवार

आयएनकेटीचा हिशोब. रक्तातल्या टी सेल्समध्ये त्या साधारण ०.०१ ते ०.१ टक्का. ०.०१ धरलं तर १०० आयएनकेटी बघायला १० लाख टी सेल्स मशीनमधून जायला हव्यात, आणि १०० मोजल्या तरी निव्वळ मोजणीतला चढउतारच १० टक्क्यांचा. दहा एमएल रक्तातून हाताला लागतात एक-दोन कोटी सेल्स, टीबीच्या पेशंटमध्ये बऱ्याचदा त्याहून कमी, आणि त्यातूनच स्टिम्युलेशनला (सेल्सना मुद्दाम जागं करून बघणं), फ्रीझिंगला, सगळ्याला पुरवायच्या. तेव्हा ठरलं, आयएनकेटीची ट्यूब वेगळी आणि ती पूर्ण संपेपर्यंत चालवायची. ज्या पेशंटचे टी सेल्स पुरेसे नाहीत त्यांच्या आयएनकेटीच्या रकान्यात आकडा टाकायचा नाही, रिकामा ठेवायचा.

२२ जुलै, मंगळवार

पाऊस धो धो आहे आणि वॉर्डमध्ये तापाचे पेशंट. हे आमच्या कामात थेट येतं.

मलेरियाच्या परजीवीच्या आत एक जुना, शैवालाकडून आलेला भाग असतो, ॲपिकोप्लास्ट, आणि त्यात तीच रसायनाची वाट चालते जिच्यावर एचएमबीपीपी तयार होतं. म्हणजे मलेरिया झालेल्या माणसाच्या व्हीडेल्टा२ सेल्सही खडबडून जाग्या होतात, वाढतात. टीबीचा पेशंट जुलैत मलेरिया घेऊन आला तर त्याच्या व्हीडेल्टा२ चा आकडा कोणाच्या नावावर लिहायचा? आजपासून ऑक्टोबरपर्यंत ताप असलेल्या प्रत्येकाचं मलेरिया स्मिअर आणि रॅपिड टेस्ट आधी, पॉझिटिव्ह आला तर या अभ्यासात नाही. डेंग्यू आणि लेप्टोचीही चौकशी करायची, आणि गेल्या सहा आठवड्यांत ताप येऊन गेला होता का हेही फॉर्मवर घातलं. कोणाला हे जास्तीचं वाटेल, पण इथल्या पावसाळ्यात हे केल्याशिवाय गॅमा-डेल्टाबद्दल एक वाक्य लिहू नये असं माझं ठाम मत आहे.

स्टेरॉइड चालू असलेलेही बाहेर, त्याने लिम्फोसाइट्स एरवीच उतरतात.

५ ऑगस्ट, मंगळवार

आज जे झालं ते जरा सविस्तर.

आतापर्यंतच्या पेशंटचे मेट सेल्सचे टक्के काढून ठेवले, कंट्रोलच्या बाजूला. पेशंटमध्ये कमी. सर खूश, कारण २०१० पासूनच्या कामांत हेच आलेलं आहे, टीबीमध्ये रक्तातल्या मेट सेल्स कमी होतात. ग्राफ सुंदर दिसतो, स्लाइडवर टाकायला अगदी तयार. मला मात्र ते बघून अजिबात बरं वाटेना.

टक्के म्हणजे कशाचे टक्के? टी सेल्सचे. आणि टीबीमध्ये टी सेल्स स्वतःच हलतात. समजा, एका माणसाच्या मायक्रोलिटरभर रक्तात १५०० टी सेल्स, त्यात मेट ४ टक्के, म्हणजे ६०. दुसऱ्याचे टी सेल्स ६०० वर आलेत आणि मेट २ टक्के, म्हणजे १२. टक्के बघितले तर निम्म्यावर आले असं वाटतं, खरं तर पाचव्या हिश्श्यावर आलेत. तिसरा, टी सेल्स ६००, मेट ४ टक्केच. ग्राफवर हा एकदम नॉर्मल, पण त्याच्याकडे ६० च्या जागी २४ उरल्यात. आणि उलटंही होतं, सीडी४ (टी सेल्सचा एक मोठा गट) खूप पडल्या की उरलेल्यांचे टक्के आपोआप वर जातात आणि वाटतं वाढल्या. लोकलच्या डब्यात माणसं किती आहेत हे न बघता बायकांचे टक्के सांगण्यासारखं आहे हे, गर्दी ओसरली की टक्के बदलतात, बाई मात्र तिच्या जागेवरच बसलेली असते.

सरांना म्हटलं, ॲबसोल्यूट काउंट, म्हणजे मायक्रोलिटरभर रक्तात प्रत्यक्ष किती, हवाच. ते म्हणाले सीबीसी आहे ना, त्याने गुणा. गुणता येतं, पण त्यात दोन मशीनच्या चुका एकमेकांवर चढतात. म्हणून ट्रूकाउंट. या ट्यूबच्या तळाशी बारीक जाळीखाली मण्यांची वाळलेली गोळी असते, मणी किती ते पाकिटावर छापलेलं. त्यात ५० मायक्रोलिटर रक्त अचूक घालायचं, अँटिबॉडी, लायसिस (लाल पेशी फोडणं), आणि न धुता थेट मशीनवर. जेवढे मणी मोजले गेले त्यावरून किती रक्त मोजलं हे निघतं. सगळा खेळ त्या ५० मायक्रोलिटरचा. उलटं पिपेटिंग करायचं, म्हणजे दुसऱ्या स्टॉपपर्यंत दाबून जास्त ओढायचं आणि पहिल्या स्टॉपपर्यंतच सोडायचं, टिपमध्ये थोडं राहतं ते राहू द्यायचं. टिपच्या बाहेर रक्ताचा थेंब लटकलेला असेल तर तो टिश्यूने पुसायचा, टोकाला न लावता. आणि टिप जाळीला टेकवायची नाही. ज्युनियरने आज पाण्यावर आणि मग स्वतःच्या रक्तावर प्रॅक्टिस केली, एकाच सॅम्पलच्या तीन ट्यूबा जवळजवळ सारख्या येईपर्यंत. हात चांगला आहे तिचा.

आधीच्या पेशंटचं ट्रूकाउंट आता होणार नाही, त्यांचा सीबीसी आहे, तेवढ्याने त्यांचा आकडा वेगळ्या खुणेने दाखवायचा, एकत्र मिसळायचा नाही.

१९ ऑगस्ट, मंगळवार

कालपासून पाणी. हिंदमाता नेहमीप्रमाणे तुंबलं, मेन लाइन आणि हार्बरवर लोकल ठप्प. ओपीडीत जेमतेम कोणी. एक पेशंट काल संध्याकाळीच ॲडमिट झालेला, त्याचं रक्त सकाळी निघालं पण लॅबपर्यंत पोचायला संध्याकाळ झाली, सहा तासांच्या कितीतरी पुढे. सॅम्पल नाकारलं. पेशंट अजून वॉर्डमध्ये आहे, औषध मात्र आज दुपारीच सुरू झालं आणि ते आमच्यासाठी थांबवायचं नसतंच, त्यामुळे तो अभ्यासातून गेला. वाईट वाटलं. मामा कमरेएवढ्या पाण्यातून डबा डोक्यावर धरून आले होते, त्यांना चहा दिला आणि वरच्या खोलीत झोपायची सोय केली.

२८ ऑगस्ट, गुरुवार

काल गणपती आले, आज दीड दिवसांचे विसर्जन, लालबाग-परळ भागात पाय ठेवायला जागा नाही. मशीनचा स्लॉट कोणी घेतला नव्हता म्हणून मी सकाळपासून बसले, आणि शांतपणे जुन्या फाइल्स परत उघडल्या.

मेट सेल्स मोजायची जुनी पद्धत म्हणजे व्हीआल्फा७.२ पॉझिटिव्ह आणि सीडी१६१ (सेलच्या पृष्ठभागावरची एक खूण) भरपूर असलेल्या सेल्स. टेट्रामर सगळ्यांना मिळत नाही, त्यामुळे आजही कितीतरी लॅब हेच करतात. एका पेशंटच्या फाइलवर दोन्ही पद्धती शेजारी लावल्या. जुन्या गेटमध्ये (ग्राफवर मोजायच्या सेल्सभोवती आखलेली चौकट) मेट सेल्स जेमतेम, पन्नाशीच्या कंट्रोलच्या मानाने कितीतरी कमी. टेट्रामरच्या गेटमध्ये मात्र स्पष्ट जास्त. मग टेट्रामर पॉझिटिव्ह ठिपके लाल करून सीडी१६१ च्या अक्षावर टाकले. कंट्रोलमध्ये ते सगळे उजवीकडे घट्ट झुबक्यात असतात. या पेशंटमध्ये झुबक्याची शेपटी डावीकडे घसरत आलेली, मधल्या पट्ट्यात, जिथे जुना गेट पोचतच नाही. सेल्स आहेत, फक्त सीडी१६१ उतरलंय. ६-एफपीच्या ट्यूबमध्ये त्या पट्ट्यात काही नाही, म्हणजे चिकटपणा नव्हे.

एचआयव्हीमध्ये २०१३ च्या सुमारास हाच वाद झाला होता, मेट सेल्स खरंच गेल्या की सीडी१६१ टाकून देऊन नजरेआड झाल्या. पुढे टेट्रामर आल्यावर तिथे बऱ्याचशा खरंच कमी झालेल्या निघाल्या. आमच्याकडे उत्तर पेशंटगणिक वेगळं येतंय. काहींमध्ये टेट्रामरनेही कमीच, ट्रूकाउंटनेही कमीच, तिथे शंका नाही. पण काहींमध्ये निम्मी "घट" नुसती गेटची आहे.

सगळ्या फाइल्स परत गेट करायच्या, आंधळेपणाने, कोड झाकून. दोघींनी स्वतंत्र.

११ सप्टेंबर, गुरुवार

स्टिम्युलेशन. ज्या सेल्स उरल्यात त्या काम करतात का? फिक्स केलेला ई. कोलाय, रात्रभर, शेवटच्या काही तासांत ब्रेफेल्डिन (सेलने बनवलेलं बाहेर जाऊ देत नाही), मग इंटरफेरॉन गॅमा (जागी झालेली सेल बनवते ते प्रोटीन) आत शोधायचा. ई. कोलाय बी२ बनवतो. तुलनेला एन्टरोकॉकस फीकॅलिस, तो बनवत नाही. आणि एक ट्यूब एमआर१ अडवणारी अँटिबॉडी घालून, कारण मेट सेल्स नुसत्या आयएल-१२ आणि आयएल-१८ या सायटोकाइनवरही (सेल्सचे एकमेकींना जाणारे निरोप) उठतात, रिसेप्टरला हात न लावता. रात्रभराच्या कल्चरमध्ये मोनोसाइट्स (रक्तातल्याच दुसऱ्या पांढऱ्या पेशी) ही दोन्ही सोडतात, त्यामुळे अडवलेल्या ट्यूबमध्ये जेवढं उरतं ते सायटोकाइनचं धरायचं.

अडचण अशी की उठलेली सेल रिसेप्टर आत ओढून घेते. रात्रीनंतर टेट्रामर आणि व्हीआल्फा७.२ दोन्ही फिके होतात, म्हणजे ज्या सर्वात जोरात उठल्या त्याच गेटमधून सुटतात आणि हिशोबात "काम न करणाऱ्या" उरतात. यावर उपाय, स्टिम्युलेशनच्या आधीही एकदा हलकं मार्किंग आणि नंतर पर्मिअबिलाइझ करून (सेलच्या आवरणाला भोकं पाडून) परत आतल्या रिसेप्टरवर. दुसरं जास्त चाललं. पेशंटपैकी काहींच्या मेट सेल्स रात्रीनंतरही ढिम्म, आणि पीडी-१ (दमलेल्या सेल्सवर दिसणारी खूण) वाढलेलं. हे मला टक्क्यांपेक्षा महत्त्वाचं वाटतं.

प्रत्येक रनला त्याच एका दात्याची लिक्विड नायट्रोजनमधली व्हायल सोबत वितळवतोय, तिचा आकडा हलला तर त्या दिवसाचा अख्खा रन बाजूला. आतापर्यंत स्थिर आहे.

६ ऑक्टोबर, सोमवार

नोबेल जाहीर झालं, मेरी ब्रंको, फ्रेड रॅम्सडेल आणि शिमोन साकागुची, रेग्युलेटरी टी सेल्ससाठी (बाकीच्या टी सेल्सना आवर घालणाऱ्या). लॅबमध्ये सगळे एका लॅपटॉपभोवती. टी सेल्सच्या एका वेगळ्या जातीला नोबेल, आनंद होणारच!

मला त्यातली एक गोष्ट आमच्या कामाला लागून वाटते. साकागुचींनी १९९५ मध्ये या सेल्स सीडी२५ वरून वेगळ्या काढल्या, पण सीडी२५ कुठल्याही उठलेल्या टी सेलवर येतं, त्यामुळे अनेकांना ही जात आहे हेच पटत नव्हतं. ब्रंको आणि रॅम्सडेल यांनी २००१ मध्ये फॉक्सपी३ चं जीन पकडलं आणि २००३ मध्ये साकागुचींनी ते या सेल्सशी जोडलं, तेव्हा कुठे पाया पक्का झाला. वरचा मार्कर आणि सेलची खरी ओळख यातलं अंतर भरायला तिथेही वर्षं गेली. योगायोग म्हणजे एमआर१ चं जीनही १९९५ चंच.

ज्युनियर विचारत होती आपल्या सेल्सना कधी मिळेल. आधी नीट मोजू दे म्हटलं.

१५ ऑक्टोबर, बुधवार

ॲब्स्ट्रॅक्टवरून (कामाचा छोटा सारांश) वाद, दोन तास. सरांचं म्हणणं, जागा २५० शब्दांची, टक्क्यांचा ग्राफ एकच टाकू, बाकी पेपरमध्ये. माझं म्हणणं, टक्क्यांचा ग्राफ एकटा जायलाच नको. कारण तो वाचून उद्या कोणीतरी म्हणेल टीबीमध्ये मेट सेल्स संपतात, मग त्या वाढवायच्या, मग त्यावर लस, मग त्यावर औषध. आणि ज्या पेशंटमध्ये त्या संपलेल्याच नाहीत, फक्त सीडी१६१ उतरलंय किंवा दमून बसल्यात, त्यांच्यासाठी ही दिशाच चुकीची. फुफ्फुसात निघून गेल्या असतील तर ती आणखी तिसरी गोष्ट. एकाच "कमी" च्या मागे निदान चार वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यांचे उपाय एकमेकांच्या विरुद्ध असू शकतात.

सरांनी शेवटी विचारलं, दोन पॅनलचा छोटा ग्राफ जमेल का, डावीकडे टक्के आणि उजवीकडे मायक्रोलिटरला किती, पेशंट रेषेने जोडलेले. जमेल. काही रेषा उतरतात, काही आडव्या जातात, एक-दोन वर चढतात. मला वाटतं हाच ग्राफ आमचा निष्कर्ष आहे. सीडी१६१ बद्दल एक वाक्य टाकलं, ते काढू दिलं नाही.

व्हीडेल्टा२ वर अजून काही बोलायचं नाही असं दोघांचं एकमत. पावसाळ्यात वगळलेल्यांमुळे आकडे थोडे आहेत, हिवाळ्यात भरती होईल.

४ नोव्हेंबर, मंगळवार

एथिक्स कमिटीची सुधारणा मंजूर होऊन आली. ज्या पेशंटच्या छातीत पाणी झालंय आणि ते डॉक्टर उपचारासाठी काढतातच, त्यातलं टाकून द्यायचं उरलेलं पाणी आम्ही घेऊ शकतो, त्याच दिवशीच्या रक्ताबरोबर. आमच्यासाठी म्हणून सुई टोचायची नाही, ही अट आमचीच होती. पाण्यात जिवंत जंतू असू शकतो, तेव्हा एन९५, डबल ग्लव्ह, आणि कॅबिनेटच्या बाहेर फिक्स केल्याशिवाय काहीही नाही.

आज पहिली जोडी. पाण्यात अपेक्षेप्रमाणे सीडी४ चा महापूर. मेट सेल्सचे टक्के पाण्यात रक्तापेक्षाही कमी आले, आणि ज्युनियर लगेच म्हणाली, म्हणजे तिकडे गेल्याच नाहीत. मग तिनेच थांबून सीडी४ बाजूला काढून उरलेल्या टी सेल्समध्ये बघितलं, तर मेट सेल्सचा हिस्सा रक्तापेक्षा जास्त, आणि जवळजवळ सगळ्या सीडी६९ पॉझिटिव्ह. सीडी६९ म्हणजे नुकती उठलेली किंवा तिथेच मुक्काम केलेली, दोन्ही असू शकतं, त्यामुळे पुढच्या जोडीपासून सीडी१०३ (मुक्कामाची खूण) आणि एचएलए-डीआर (उठल्याची खूण) पॅनलमध्ये. सीडी१६१ पाण्यातल्या मेट सेल्सवर रक्ताहून खाली, हे ऑगस्टच्या त्या फाइलशी जुळतंय. एका पेशंटवरून यापलीकडे काही म्हणायचं नाही.

पाण्यातला आकडा मायक्रोलिटरला किती असा देऊन चालणार नाही, कारण कोणाच्या छातीत दोनशे एमएल असतं, कोणाच्या दीड लिटर. डॉक्टरांना टॅपिंगच्या कागदावर एकूण किती निघालं आणि सोनोग्राफीवर किती उरलं ते लिहायला सांगितलंय, सिस्टरनी लगेच रजिस्टरमध्ये रकाना आखला. पुढचे पेशंट गुरुवारच्या लिस्टवर आहेत. ट्रूकाउंटच्या ट्यूबा तोपर्यंत पुरतील, नवीन ऑर्डर आज टाकली.